अवयव प्रत्यारोपणानंतरचा जंतुसंसर्ग : कसा टाळायचा, कसा ओळखायचा, उपचार कसे होतात

प्रत्यारोपण झालेल्या माणसाला ताप आला की ट्रान्सप्लांट टीमचे डॉक्टर दोन गोष्टी आधी विचारतात. ऑपरेशनला किती महिने झाले? आणि अलीकडे औषधांत काय बदल झाला? खोकला, लघवीची जळजळ, जुलाब यांची चौकशी त्यानंतर होते. या दोन उत्तरांवरूनच कोणत्या जंतूचा संशय घ्यायचा याची यादी बरीच लहान होते. रुग्णाने आणि घरच्यांनीही याच पद्धतीने विचार करायला शिकावं, म्हणून हा लेख. काही ठिकाणी डोस आणि मुदती दिल्या आहेत. डॉक्टर काय करत आहेत ते समजावं एवढाच त्यांचा उद्देश आहे, स्वतःहून औषध सुरू किंवा बंद करण्यासाठी त्यांचा वापर करू नका.

धोका कशावर ठरतो

१९५४ मध्ये बोस्टनला जोसेफ मरे यांनी केलेलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण एकसारख्या जुळ्या भावांमधलं होतं. रुग्णाच्या शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही, त्यामुळे प्रतिकारशक्ती दाबायची गरज पडली नाही. बाकी जवळजवळ सगळ्यांना ती दाबावी लागते. रोजच्या गोळ्यांमध्ये बहुतेक वेळा टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन, जोडीला मायकोफिनोलेट आणि थोडं प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड असतं. सुरुवातीला इंजेक्शनमधून बॅसिलिक्सिमॅब किंवा जास्त जोरकस एटीजी (अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन) दिलं जातं, आणि एटीजीचा परिणाम कित्येक महिने टिकतो.

ही औषधं प्रामुख्याने टी पेशींना, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींना, आवर घालतात. शरीरात आधीपासून झोपून असलेल्या जंतूंवर पहारा ठेवण्याचं काम याच पेशींचं असतं. म्हणून प्रत्यारोपणानंतर बाहेरून येणाऱ्या संसर्गाइतकीच आतून उठणाऱ्या संसर्गाची भीती असते: सीएमव्ही (सायटोमेगालो विषाणू), नागीण, जुना क्षय, बुरशी. गर्दी टाळली, मास्क लावला म्हणून हे जंतू थांबत नाहीत. त्यांच्यासाठी वेळेवर घेतलेली प्रतिबंधक गोळी आणि वेळेवर केलेली रक्ततपासणी लागते. माझ्या मते घराघरांत काळजीचा सगळा भर मास्क आणि सॅनिटायझरवर पडतो आणि या दोन गोष्टी मागे राहतात.

औषधांच्या डोसबरोबर आणखीही गोष्टी धोका वाढवतात: मधुमेह, कुपोषण, पांढऱ्या पेशी कमी होणं, शरीरात राहिलेली नळी किंवा स्टेंट, वय. एकाच प्रिस्क्रिप्शनवर असलेल्या दोघांचा धोका त्यामुळे सारखा नसतो.

पहिली पायरी : ऑपरेशनच्या आधी

प्रतीक्षायादीत असतानाचा काळ बहुतेक जण नुसती वाट पाहण्यात घालवतात. तो कामाचा काळ आहे, कारण या वेळी प्रतिकारशक्ती त्यातल्या त्यात बरी असते.

तपासण्यांमध्ये एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सीएमव्ही, ईबीव्ही (एपस्टाइन-बार विषाणू), कांजिण्या आणि सिफिलिस यांच्या चाचण्या असतात. हृदय प्रत्यारोपण असेल तर टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीची चाचणी विशेष महत्त्वाची. निकाल फाइलमध्ये टाकून विसरून जाऊ नका. एक ओळ तर पाठच असायला हवी: सीएमव्हीसाठी दाता पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, आणि आपण स्वतः पॉझिटिव्ह की निगेटिव्ह. पुढचे सहा महिने कसे जातील हे बऱ्याच अंशी त्यावर ठरतं.

क्षयरोगासाठी मॅन्टू (त्वचेची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी आणि छातीचा एक्स-रे करतात. लक्षणं नाहीत पण चाचणी पॉझिटिव्ह आहे, म्हणजे जंतू सुप्त आहेत, तर प्रतिबंधक उपचार होतात. रिफाम्पिसिनवर आधारलेला कोर्स शक्य असेल तर प्रत्यारोपणाआधीच संपवलेला चांगला. नंतर हेच औषध टॅक्रोलिमसची पातळी कोसळवतं. मग आयसोनियाझिडचा लांब कोर्स हा नेहमीचा पर्याय उरतो.

एक तपासणी हमखास राहून जाते, ती स्ट्राँगिलॉइडिस या जंताची. उष्ण आणि दमट प्रदेशांत ओल्या मातीत अनवाणी चालताना हा जंत त्वचेतून शिरतो आणि काही त्रास न देता आतड्यात कित्येक दशकं राहू शकतो. स्टेरॉइड सुरू झाली की त्याची संख्या बेसुमार वाढते. त्याच्या अळ्या आतड्यातले जीवाणू सोबत घेऊन फुप्फुसात, रक्तात आणि मेंदूपर्यंत जातात. अशा प्रदेशात कधीही राहिलेला असाल तर चाचणीबद्दल स्वतः विचारा. आयव्हरमेक्टिनने आधीच उपचार होतो आणि तो सोपा असतो. नंतरचा उपचार अतिशय अवघड.

दात आणि हिरड्यांचं काम याच काळात उरकून घ्या.

दुसरी पायरी : लसी

प्रत्यारोपणानंतर लसी कमी परिणाम करतात आणि जिवंत जंतूंच्या लसी सहसा घेताच येत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा. जिवंत लस प्रत्यारोपणाच्या किमान ४ आठवडे आधी घ्यायची, निर्जीव लस शक्यतो २ आठवडे आधी.

प्रत्यारोपणानंतर टाळायच्या लसी: गोवर-गालगुंड-रुबेला, कांजिण्या, बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, तोंडावाटे घ्यायची टायफॉइडची जिवंत लस, पीतज्वर, आणि नाकात फवारायची फ्लूची लस. इंजेक्शनची फ्लू लस दरवर्षी घ्यायचीच असते आणि साथ सुरू असेल तर ऑपरेशननंतर महिन्याभरानेही देता येते. न्यूमोकोकल, हिपॅटायटिस बी, कोविड, एचपीव्ही आणि नागिणीची रिकॉम्बिनंट लस या निर्जीव आहेत. आधी राहिल्या असतील तर साधारण ३ ते ६ महिन्यांनी, औषधांचे डोस उतरल्यावर घेतात. हिपॅटायटिस बी लशीनंतर रक्तातली अँटिबॉडी मोजून घ्या. नुसतं ‘लस घेतली’ यावर विसंबता येत नाही.

घरच्यांचं लसीकरण पूर्ण असणं ही रुग्णाची दुसरी ढाल. घरातल्या मुलांना गोवर आणि कांजिण्यांच्या लसी निर्धास्त द्याव्यात. पोलिओची मात्र तोंडावाटे न देता इंजेक्शनची घ्यावी. बाळाला रोटाव्हायरसची लस दिली असेल तर पुढचे ४ आठवडे त्याचे लंगोट रुग्णाने बदलू नयेत.

तिसरी पायरी : पहिला महिना

या महिन्यातले बहुतेक संसर्ग कोणत्याही मोठ्या ऑपरेशननंतर होतात तसेच असतात. जखम, सलाइनची मोठी नळी, लघवीची नळी, व्हेंटिलेटर, आणि अँटिबायोटिक्समुळे होणारे क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचे जुलाब. जागा अवयवाप्रमाणे बदलते. यकृतात पित्तनलिकेचा जोड गळतो आणि पोटात पू होतो. फुप्फुसात श्वासनलिकेच्या जोडावर बुरशी बसते. किडनीत मूत्रनलिकेतला स्टेंट जितका जास्त दिवस राहील तितका लघवीच्या संसर्गाचा धोका वाढतो, म्हणून तो काही आठवड्यांत काढतात. स्टेंट काढायची तारीख डिस्चार्जच्या वेळीच लिहून घ्या. विसरून राहिलेला स्टेंट ही कल्पित गोष्ट नाही.

दात्याकडून अवयवासोबत संसर्ग येणं दुर्मीळ आहे, पण घडतं. २००४ मध्ये अमेरिकेत एकाच दात्याच्या अवयवांतून आणि ऊतींतून रेबीज पसरून चौघांचा मृत्यू झाला होता. दात्याची तपासणी कितीही कसून केली तरी प्रत्येक विषाणू आधी शोधता येत नाही. म्हणून पहिल्या काही आठवड्यांत रुग्णाला अनाकलनीय ताप आणि गोंधळलेपणा आला, तर त्याच दात्याचे इतर अवयव मिळालेल्यांची चौकशी टीम करते.

चौथी पायरी : दुसरा महिना ते सहावा

घरी आलेलं असतं, टाके भरलेले असतात, बरं वाटायला लागलेलं असतं. आणि संधिसाधू जंतूंचा खरा काळ नेमका हाच.

सीएमव्हीपासून सुरुवात करू. हा विषाणू जगातल्या बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात काही त्रास न देता असतो. दाता पॉझिटिव्ह आणि रुग्ण निगेटिव्ह ही जोडी सगळ्यांत धोक्याची, कारण रुग्णाच्या शरीराने हा विषाणू आधी कधी पाहिलेलाच नसतो. टाळण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, सर्रास प्रतिबंधक औषध: व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर रोज ९०० मिलिग्रॅम, किडनीच्या कामानुसार कमी करून. धोक्याच्या जोडीला किडनी प्रत्यारोपणात सहसा ६ महिने, रुग्ण आधीच पॉझिटिव्ह असेल तर ३ महिने, फुप्फुसासाठी त्याहून जास्त. दुसरा मार्ग म्हणजे दर आठवड्याला रक्तातला व्हायरल लोड (विषाणूचं प्रमाण) मोजायचा आणि तो वाढताच उपचार सुरू करायचा. दुसरा मार्ग कागदावर छान दिसतो, पण आठवड्याची एकही तपासणी चुकवता येत नाही. दूर राहणाऱ्या, रिपोर्ट वेळेत न मिळणाऱ्या रुग्णाला पहिलाच बरा, असं मला वाटतं.

व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात. मायकोफिनोलेट आणि कोट्रायमॉक्साझोलही (न्यूमोनिया रोखणारी गोळी, तिच्याबद्दल पुढे) तेच करतात. रिपोर्टमध्ये आकडा घसरला की व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरचा डोस अर्धा करायचा मोह होतो. तो टाळायला हवा, कारण अपुऱ्या डोसमध्ये विषाणू औषधाला सरावतो. त्याऐवजी टीम मायकोफिनोलेट कमी करते, किंवा पेशी वाढवणारं इंजेक्शन देते. किडनीच्या काही रुग्णांसाठी लेटरमोव्हिर हा पांढऱ्या पेशींना धक्का न लावणारा पर्यायही आता आहे, मात्र ते नागिणीच्या विषाणूवर चालत नाही. त्यासाठी असायक्लोव्हिर वेगळं द्यावं लागतं.

औषध बंद झाल्यानंतरचे तीन महिने कॅलेंडरवर खूण करून ठेवा. उशिरा येणारा सीएमव्ही याच काळात डोकं वर काढतो. बारीक ताप, न जाणारा थकवा, भूक मरणं, जुलाब, रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी: यातलं काहीही दिसलं तरी व्हायरल लोडची तपासणी मागा. आतड्यातल्या सीएमव्हीत रक्ताची चाचणी निगेटिव्हही येऊ शकते. जुलाब थांबतच नसतील तर कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासावा लागतो.

न्यूमोसिस्टिस ही फुप्फुसात न्यूमोनिया करणारी बुरशी. हिच्यापासून वाचवणारी कोट्रायमॉक्साझोलची स्वस्त, जुनी गोळी सगळ्या प्रिस्क्रिप्शनमध्ये सगळ्यांत कमी कौतुकाची आणि मला विचाराल तर सगळ्यांत कामाची. हीच गोळी टॉक्सोप्लाझ्मा, लिस्टेरिया, लघवीचे बरेच जंतू आणि काही प्रमाणात नोकार्डिया यांनाही रोखते. साधारण ६ ते १२ महिने, फुप्फुसाच्या प्रत्यारोपणात अनेकदा कायम. पोटॅशियम वाढणं आणि अंगावर पुरळ येणं हे तिचे त्रास. तिच्यात सल्फा असतं. त्याची ॲलर्जी असेल तर डॅप्सोन (त्याआधी जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची चाचणी हवीच), अटोव्हाक्वोन किंवा वाफेतून पेंटामिडिन देतात. पण हे पर्याय न्यूमोसिस्टिसपलीकडे तितकं संरक्षण देत नाहीत. म्हणून लहानपणी कधीतरी पुरळ आलं होतं एवढ्यावर ‘सल्फा ॲलर्जी’ लिहून मोकळं होऊ नये. ती खरी आहे का हे तपासून घ्यावं.

बीके विषाणू हा मुख्यतः किडनी मिळालेल्यांचा प्रश्न. याला ताप नाही, वेदना नाहीत. फक्त क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) हळूहळू चढतं. म्हणून पहिले ९ महिने दर महिन्याला आणि पुढे दोन वर्षांपर्यंत दर तीन महिन्यांनी रक्तात तो शोधायचा, अशी सध्याची शिफारस आहे. त्यावर खात्रीचं औषध नाही. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करणं हाच उपचार. पेच असा, की बायोप्सीत तो कधीकधी रिजेक्शनसारखा (शरीराने अवयव नाकारल्यासारखा) दिसतो आणि रिजेक्शनचा उपचार नेमका उलटा असतो. बायोप्सीवर विषाणूचं विशेष रंजन करून घेण्याचं कारण हेच.

याच काळात ईबीव्हीमुळे लसिका ग्रंथींचा एक प्रकारचा कर्करोग उद्भवू शकतो, विशेषतः लहान मुलांत, जिथे दाता पॉझिटिव्ह आणि मूल निगेटिव्ह असतं. मानेत, काखेत गाठी, कारणाविना ताप, वजन उतरणं यांकडे दुर्लक्ष करू नका.

पाचवी पायरी : सहा महिन्यांनंतर

अवयव नीट काम करत असेल आणि औषधांचे डोस कमी झाले असतील तर आता इतरांना होतात तेच संसर्ग होतात: फ्लू, न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, नागीण. फक्त जास्त जोरात. पण मधे रिजेक्शनचा उपचार झाला असेल, मोठे स्टेरॉइड डोस किंवा एटीजी दिलं असेल, तर घड्याळ मागे फिरतं. ऑपरेशनला तीन वर्षं झालेला रुग्णसुद्धा पुन्हा दुसऱ्या महिन्यात जाऊन बसतो. अशा वेळी सीएमव्ही आणि न्यूमोसिस्टिसची प्रतिबंधक औषधं पुन्हा सुरू व्हायला हवीत. सुरू झाली नसतील तर विचारा.

किडनीच्या रुग्णांसाठी एक सूचना. लघवीच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत) जंतू आले, पण जळजळ नाही, ताप नाही, क्रिएटिनिन स्थिर आहे. पहिल्या दोन महिन्यांनंतर अशा वेळी सहसा अँटिबायोटिक देत नाहीत. प्रत्येक रिपोर्टवर गोळ्या घेतल्या तर पुढच्या खऱ्या संसर्गाला चालेल असं औषध उरत नाही.

घरातली रोजची काळजी

हात धुणं सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. जेवणाआधी, शौचानंतर, बाहेरून आल्यावर, प्राण्यांना हात लावल्यावर.

खाण्यात कच्चं आणि अर्धकच्चं टाळायचं: न उकळलेलं, पाश्चराइझ न केलेलं दूध आणि त्याचे पदार्थ, कच्ची अंडी, अर्धवट शिजलेलं मांस, कच्चे शिंपले, कच्ची मोडाची कडधान्यं. मोडांच्या ओलसर उबेत जंतू झपाट्याने वाढतात आणि ते धुऊन निघत नाहीत. मांस आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजलेलं असावं, शिळं गरम करतानाही तेवढंच. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, आणि फ्रिज ४ अंशांवर किंवा त्याखाली. विहिरीचं किंवा खात्री नसलेलं पाणी खळखळ एक मिनिट उकळा. क्लोरीनने न मरणारा क्रिप्टोस्पोरिडियम उकळल्यावर मरतो.

मातीकाम करताना हातमोजे, बूट आणि मास्क. कुजलेल्या पाल्याच्या ढिगाशी, पाडकामाच्या धुळीशी आणि पक्ष्यांच्या विष्ठेशी मात्र संबंधच नको, कारण ॲस्परजिलस आणि क्रिप्टोकॉकस या बुरश्या तिथून श्वासात जातात. मांजर ठेवायला हरकत नाही, पण तिची विष्ठा रुग्णाने साफ करू नये. कासव, सरडे यांच्याकडून साल्मोनेला येतो. माशांची टाकी उघड्या हाताने धुऊ नका.

गर्दीच्या बंद जागेत मास्क लावा. पहिल्या काही महिन्यांत आणि रिजेक्शनच्या उपचारानंतर तो जास्त महत्त्वाचा. त्यानंतरही वर्षानुवर्षं स्वतःला खोलीत कोंडून घेणाऱ्यांबद्दल मला वाईट वाटतं. अवयव जगण्यासाठी मिळालेला असतो.

कांजिण्या झालेल्या मुलाशी संपर्क आला आणि आपल्यात त्याची अँटिबॉडी नसेल तर त्याच दिवशी टीमला फोन करा. इम्युनोग्लोब्युलिन जितकं लवकर तितकं चांगलं, आणि १० दिवसांनंतर त्याचा उपयोग राहत नाही.

दुसऱ्या डॉक्टरने दिलेलं औषध

अनेकदा संसर्गापेक्षा संसर्गावरचं औषधच अवयवाला जास्त इजा करतं. टॅक्रोलिमस, सायक्लोस्पोरिन, सिरोलिमस आणि एव्हरोलिमस यांची पातळी यकृत आणि आतड्यातल्या एका एन्झाइमवर अवलंबून असते. बरीचशी औषधं त्याच एन्झाइमला मंद किंवा जलद करतात.

पातळी वाढवणारी: क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन, फ्लुकोनाझोल, व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल, आणि कोविडच्या गोळ्यांमधलं रिटोनाविर. व्होरिकोनाझोल सुरू करताना टॅक्रोलिमस साधारण एक तृतीयांशावर आणावं लागतं. रिटोनाविरमुळे पातळी इतकी उसळते की बऱ्याचदा टॅक्रोलिमस काही दिवस थांबवावंच लागतं, नाहीतर सलाइनमधून रेमडेसिविरचा मार्ग निवडतात. ग्रेपफ्रूट आणि पपनस ही फळंही याच यादीत.

पातळी पाडणारी: रिफाम्पिसिन, फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, आणि सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती. ‘नैसर्गिक’ म्हणून घेतलेल्या काढ्यात आणि पावडरीत काय आहे ते कळत नाही, म्हणून तीही टीमला दाखवल्याशिवाय नको.

औषध बंद होतानाही तीच खबरदारी लागते, आणि इथेच दुर्लक्ष होतं. बुरशीचं औषध संपलं आणि टॅक्रोलिमस तसंच कमी डोसवर राहिलं, तर पातळी घसरून रिजेक्शन येतं. म्हणून अशा प्रत्येक औषधाच्या सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा पातळी तपासायची. तपासणीचं रक्त आधीच्या डोसनंतर सुमारे १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. गोळी घेऊन गेलात तर आकडा निरुपयोगी.

दुखण्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या नकोत, किडनी बिघडते. जेंटामायसिन, अमिकासिन यांच्या बाबतीतही तोच प्रश्न आहे. ती द्यावीच लागली तर मोजून देतात.

सहावी पायरी : ताप आला तर काय करायचं

१. आधी थर्मामीटर, मग पॅरासिटामॉल. ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट किंवा अधिक ताप आल्यास त्याच दिवशी टीमला कळवा, रात्र असली तरी. थंडी वाजून हुडहुडी भरली असेल, श्वास लागत असेल, रक्तदाब कमी असेल, गोंधळल्यासारखं होत असेल तर फोनची वाट न बघता रुग्णालय गाठा.

२. ताप नाही म्हणून निश्चिंत राहू नका. स्टेरॉइडमुळे ताप दबतो, पोटात आतडं फुटलं तरी पोट मऊच लागू शकतं. नवा खोकला, धाप, न थांबणारी डोकेदुखी, जुलाब, त्वचेवर गाठ किंवा फोड, नव्या अवयवाच्या जागी दुखणं, लघवी कमी होणं, यातलं काहीही असलं तरी कळवा.

३. घरात उरलेली अँटिबायोटिक घेऊ नका. एक गोळीसुद्धा कल्चर बिघडवते.

४. प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी स्वतःहून थांबवू नका. स्टेरॉइड तर अजिबात नाही. ती महिनोन्‌महिने घेणाऱ्याचं शरीर स्वतःचं कॉर्टिसोल पुरेसं बनवत नाही, आणि अचानक बंद केल्यास रक्तदाब कोसळतो. उलटी होऊन गोळी बाहेर पडली किंवा गोळ्या पोटात टिकतच नसतील तर लगेच विचारा, कदाचित सलाइनमधून द्याव्या लागतील. जुलाबात टॅक्रोलिमसची पातळी उलट वाढते, हेही लक्षात असू द्या.

५. जवळच्या कोणत्याही रुग्णालयात गेलात तर पहिलं वाक्य हे असू द्या: ‘माझं प्रत्यारोपण झालंय’. सोबत औषधांची यादी, प्रत्यारोपणाची तारीख, सीएमव्हीची जोडी, शेवटचं क्रिएटिनिन आणि टॅक्रोलिमस पातळी, आणि टीमचा नंबर. हे सगळं फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे ठेवा.

सातवी पायरी : रुग्णालयात उपचार कसे ठरतात

अँटिबायोटिक देण्याआधी रक्ताची दोन कल्चर, लघवीचं कल्चर, छातीचं चित्र. रुग्ण शॉकमध्ये असेल तर कल्चर घेऊन तासाभरात औषध सुरू होतं, निदानासाठी थांबत नाहीत. तसं नसेल तर मात्र चांगली टीम शोध घेण्यावर हट्टी असते. एक्स-रे स्वच्छ दिसला तरी सीटी स्कॅन करते, दुर्बिणीने फुप्फुसातलं पाणी काढते, गाठीचा तुकडा घेते. नातेवाइकांना हा तपासण्यांचा अतिरेक वाटतो. पण या रुग्णांत एकाच वेळी दोन जंतू असणं नवल नाही, आणि अंदाजाने दिलेल्या प्रत्येक औषधाची टॅक्रोलिमसशी टक्कर होते. अँटिबॉडीच्या चाचण्याही फसवतात, कारण दाबलेलं शरीर अनेकदा पुरेशा अँटिबॉडी बनवत नाही. त्यामुळे भर थेट जंतू शोधणाऱ्या पीसीआर, अँटिजेन आणि कल्चरवर असतो.

उपचाराचे तीन भाग एकत्र चालतात.

जंतूवर नेमकं औषध. सीएमव्हीत व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर ९०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, आजार गंभीर असेल तर सलाइनमधून गॅन्सिक्लोव्हिर. किमान दोन आठवडे, आणि लक्षणं जाऊन व्हायरल लोड खाली येईपर्यंत. औषधाला दाद न देणाऱ्या विषाणूसाठी मारिबाविर किंवा फॉस्कार्नेट. न्यूमोसिस्टिसला मोठ्या डोसमध्ये कोट्रायमॉक्साझोल २१ दिवस. रक्तात कॅन्डिडा ही बुरशी असेल तर एकायनोकॅन्डिन गटाचं औषध, रक्त स्वच्छ झाल्यावर पुढे १४ दिवस, आणि डोळ्यांची तपासणी. ॲस्परजिलसला व्होरिकोनाझोल किंवा आयसाव्हुकोनाझोल, किमान ६ ते १२ आठवडे. म्युकर बुरशीच्या संसर्गात लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन बी आणि सडलेला भाग कापून काढणं, दोन्ही लागतं. क्षयरोगात रिफाम्पिसिनऐवजी अनेकदा रिफाब्युटिन वापरतात, ते टॅक्रोलिमसला कमी धक्का देतं. फ्लूत ऑसेल्टामिव्हिर रिपोर्टची वाट न बघता सुरू करतात, ४८ तास उलटले असले तरी.

घर करून बसलेल्या जंतूचं घर मोडणं. पू काढणं, नळी किंवा स्टेंट काढणं, अडलेली पित्तनलिका किंवा मूत्रनलिका मोकळी करणं. हे राहिलं तर औषध कितीही भारी असो, ताप परत येतो.

तिसरा आणि सगळ्यांत नाजूक भाग म्हणजे प्रतिकारशक्तीला थोडी मोकळीक देणं. सहसा मायकोफिनोलेट आधी कमी करतात किंवा थांबवतात, मग टॅक्रोलिमस थोडं उतरवतात, स्टेरॉइड चालू ठेवतात, गरज पडल्यास वाढवतातही. किती कमी करायचं हे अवयवावर ठरतं. किडनी गेली तर डायलिसिसचा आधार असतो, म्हणून जीव वाचवण्यासाठी टीम धीटपणे औषधं कमी करू शकते. हृदय किंवा फुप्फुसात तो मार्ग नाही, तिथे पावलं सावध असतात. आणि घाईने सगळं बंद केलं तर क्रिप्टोकॉकस किंवा क्षयात जागी झालेली प्रतिकारशक्ती एकदम चवताळते. जंतू कमी होत असतानाही सूज आणि ताप वाढतात. असं झाल्यास उपचार फसला असं लगेच समजू नये.

आठवी पायरी : घरी परतल्यावर

डिस्चार्जच्या कागदावर तीन तारखा मागून घ्या: प्रतिजैविक किंवा विषाणूविरोधी औषध कधी संपणार, कमी केलेली मायकोफिनोलेट परत कधी वाढवणार, आणि पुढची टॅक्रोलिमस पातळी कधी. दुसरी तारीख सर्वाधिक वेळा कागदावर नसते, आणि संसर्ग बरा झाल्यावर काही आठवड्यांनी येणाऱ्या रिजेक्शनमागे अनेकदा तीच राहून गेलेली असते. याच काळात क्रिएटिनिन किंवा यकृताच्या चाचण्या थोड्या थोड्या अंतराने होतात.

सीएमव्ही झाला असेल तर औषध थांबल्यावरही काही काळ व्हायरल लोड तपासत राहावं लागतं, कारण तो परत येण्याचं प्रमाण चांगलंच आहे. वारंवार संसर्ग होत असतील तर रक्तातली आयजीजी (संरक्षक अँटिबॉडी) पातळी मोजायला सांगा. ती फार खाली गेली असेल तर बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं का, याचा विचार टीम करू शकते.